अंध मुअज्जिनाची अजान : दिव्यांगांचा रोजगार आणि आपली जबाबदारी

पवित्र कुरआनातील ऐंशीव्या सूरहचे नाव 'अबस' असे आहे. 'अबस' म्हणजे कपाळाला आठी घातली. या सूरहच्या पहिल्या दहा आयतींचा आशय असा : एक अंध मनुष्य आला म्हणून आठी घातली गेली आणि तोंड फिरविले गेले. हे प्रेषिता, तुम्हास काय ठाऊक, कदाचित तोच आत्मशुद्धी करून घेईल, कदाचित उपदेश त्याच्याच उपयोगी पडेल. जो बेपर्वाई दाखवितो त्याच्याकडे तुम्ही लक्ष देता आणि जो मनात अल्लाहचे भय बाळगून स्वतः धावत येतो, त्याच्याकडे मात्र दुर्लक्ष होते.

प्रिय वाचक बंधुभगिनींनो, या आयती आपण अनेकदा ऐकल्या आहेत. या पाठात आपण त्या एका विशिष्ट प्रश्नासाठी वाचणार आहोत. आपल्या घरात, मोहल्ल्यात, जमातीत जे दिव्यांग बांधव आणि भगिनी आहेत, त्यांच्याशी आपले नाते कोणते? दात्याचे आणि याचकाचे, की बरोबरीने काम करणाऱ्या दोघांचे?

आयतींची पार्श्वभूमी

प्रसंग मक्केतील आहे. प्रेषित मुहम्मद (स.) कुरैशच्या काही सरदारांशी बोलत होते. हे सरदार सत्याकडे वळले तर त्यांच्यामागे संपूर्ण वस्ती वळेल, अशी आशा होती. इतक्यात हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) तेथे आले. ते अंध होते आणि हजरत खदीजा (रजि.) यांच्या नात्यातील होते. समोर कोण बसले आहे हे त्यांना दिसत नव्हते. अल्लाहने जे ज्ञान दिले आहे त्यातील काही मला शिकवा, अशी विनंती ते पुन्हा पुन्हा करू लागले. बोलणे मध्येच तुटल्यामुळे प्रेषितांच्या मुद्रेवर नाराजी उमटली. त्यावर या आयती अवतरल्या.

येथे क्षणभर थांबावयास हवे. ज्यांच्यासाठी ही आठी होती, त्यांना ती दिसलीच नव्हती. त्यांनी तक्रार केली नव्हती. प्रेषितांच्या मनात तुच्छतेचा लवलेश नव्हता, उलट धर्मकार्याचीच तळमळ होती. तरीही अल्लाहने त्या आठीची नोंद घेतली आणि ती कयामतपर्यंत वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात ठेवली. तफसीरच्या ग्रंथांत असे येते की, त्यानंतर प्रेषित (स.) या सहाबींचे विशेष आदराने स्वागत करीत आणि त्यांची गरज आवर्जून विचारीत.

यावरून आपण आपल्या आठ्यांचा हिशेब मांडावा. दुकानात एखादा मूकबधिर तरुण काम मागावयास आला की आपण शेजाऱ्याकडे पाहून हलकेच मान हलवितो. त्याने ऐकलेले नसते. सोयरिकीच्या बैठकीत घरातील दिव्यांग बहिणीला आतल्या खोलीत बसविले जाते. ती काही बोलत नाही. ज्याच्याबाबत आपण चुकतो त्याला ते कळले नाही, म्हणजे त्याची नोंद झाली नाही, असे समजण्यास या सूरहने जागाच ठेवलेली नाही.

फजरची अजान

आता मदीनेकडे वळू. हिजरतनंतर मशिदीत अजानची व्यवस्था झाली आणि प्रेषितांनी दोन मुअज्जिन नेमले. एक हजरत बिलाल (रजि.) आणि दुसरे हेच हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.). सहीह बुखारीतील हदीसचा आशय असा आहे की, बिलाल रात्र असतानाच अजान देतात, म्हणून तुम्ही इब्ने उम्मे मक्तूम यांची अजान होईपर्यंत खात-पीत राहा. पुढे रावी सांगतात की, इब्ने उम्मे मक्तूम अंध होते आणि पहाट झाली, पहाट झाली असे लोकांनी सांगितल्याखेरीज ते अजान देत नसत.

या एका हदीसमध्ये किती मोठा धडा आहे पाहा. फजरची वेळ ठरते ती क्षितिजावरील उजेडाने. म्हणजे जे काम डोळ्यांवाचून होणारच नाही असे कोणीही म्हटले असते, तेच काम एका अंध व्यक्तीकडे सोपविले गेले. संपूर्ण मदीना शहर रमजानमध्ये त्यांच्या आवाजावर सहरी थांबवीत असे. उजेड पाहण्याचे काम दुसऱ्या कोणाचे होते. अजान, तिचा मान आणि तिची जबाबदारी त्यांची होती. 'यांना दिसत नाही, म्हणून हे काम यांना नको' असा निर्णय झाला नाही. या कामात यांना कोणत्या एका गोष्टीची उणीव भासेल ते पाहिले गेले आणि तेवढ्यापुरती एका माणसाची जोड दिली गेली.

एवढ्यावरच हे थांबले नाही. प्रेषित (स.) मोहिमेवर मदीनेबाहेर जात, तेव्हा मागे शहराची आणि नमाजची जबाबदारी अनेकदा याच सहाबींकडे असे. काही रिवायतींनुसार असे तेरा वेळा घडले.

हजरत मूसा (अलै.) आणि हजरत हारून (अलै.)

हीच रीत कुरआनात त्याआधीच्या एका वृत्तांतातही दिसते. हजरत मूसा (अलै.) यांना फिरऔनकडे जाण्याचा आदेश झाला, तेव्हा त्यांनी प्रार्थना केली की, माझ्या जिभेची गाठ सुटू दे, म्हणजे लोकांना माझे बोलणे समजेल (सूरह ताहा : २७-२८). आपले बंधू हारून (अलै.) आपल्यापेक्षा अधिक स्पष्ट बोलतात, त्यांना साहाय्यक म्हणून द्यावे, अशीही विनंती त्यांनी केली (सूरह कसस : ३४). फिरऔनने पुढे याच बोलण्यावरून त्यांना हिणविले, तेही कुरआनाने नोंदविले आहे (सूरह जुखरुफ : ५२).

अल्लाहने काम काढून घेतले नाही. दुसऱ्या अधिक वाक्पटू मनुष्याची निवडही केली नाही. काम मूसा (अलै.) यांच्याकडेच राहिले आणि सोबतीला भाऊ दिला. हिणविण्याची रीत फिरऔनची होती, हे आपण विसरू नये.

सवलत म्हणजे बंदी नव्हे

इस्लामने दिव्यांग व्यक्तीला अनेक सवलती दिल्या आहेत. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर पडून नमाज अदा करता येते. सूरह फतहमध्ये (आयत १७) अंध, पंगू आणि आजारी व्यक्तींवर मोहिमेत न गेल्याबद्दल दोष नाही, असे स्पष्ट केले आहे. सूरह निसामधील (आयत ९५) घरी बसणाऱ्यांच्या आणि जिहाद करणाऱ्यांच्या दर्जातील फरक सांगणारी आयत अवतरली, तेव्हा इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांनी आपली अडचण मांडली. त्यावर, ज्यांना खरी अडचण आहे ते वगळून, हे शब्द अवतरले. एका अंध माणसाचे म्हणणे ऐकून घेतले गेले आणि ते कुरआनाच्या शब्दांतच कायमचे आले.

परंतु सवलत ही ज्याची त्याच्या हाती असते. दुसऱ्याने ती त्याच्यावर लादली की तिची बंदी होते. हजरत अम्र इब्ने जमूह (रजि.) यांचा वृत्तांत या दृष्टीने वाचावा. ते पायाने अधू होते. हिजरी सन ३ मध्ये उहुदच्या लढाईची वेळ आली, तेव्हा त्यांच्या चार तरुण मुलांनी त्यांना अडविले. तुम्हाला सूट आहे, आम्ही जात आहोतच, असे ते म्हणाले. मुलांचा हेतू प्रेमाचाच होता. अम्र (रजि.) प्रेषितांकडे गेले आणि याच लंगड्या पायाने जन्नतमध्ये चालण्याची इच्छा त्यांनी सांगितली. प्रेषितांनी त्यांना सांगितले की, अल्लाहने तुम्हास सूट दिली आहे. मुलांना मात्र सांगितले की, यांना अडवू नका. अम्र (रजि.) गेले आणि शहीद झाले.

दोन वाक्ये, दोन निरनिराळ्या लोकांसाठी. ज्याला अडचण आहे त्याला सांगितले की तुझ्यावर सक्ती नाही. जे त्याच्याभोवती आहेत त्यांना सांगितले की तुम्ही त्याच्या वाटेत उभे राहू नका. आपल्या घरांत बहुधा उलट होते. 'तुला जमायचे नाही, तू बस, आम्ही आहोत ना' हे वाक्य मायेपोटी येते, पण वर्षानुवर्षे ऐकले की ते माणसाला आतून बसविते. आईवडील आहेत तोवर हे चालते. त्यांच्यानंतर त्या मुलाच्या हाती ना कसब उरते, ना चार लोकांत वावरण्याचा सराव.

कुऱ्हाडीचा धडा

सुनन अबू दाऊदमध्ये एका अन्सारी गृहस्थाची हकीकत आहे. ते दिव्यांग होते असा उल्लेख नाही, पण आपल्या विषयाचा पाया तेथे आहे. ते प्रेषितांकडे मागावयास आले. घरात काय आहे, असे प्रेषितांनी विचारले. एक जाडे वस्त्र, ज्याचा अर्धा भाग पांघरावयाचा आणि अर्धा अंथरावयाचा, आणि पाणी पिण्याचा एक प्याला, एवढेच होते. प्रेषितांनी त्या दोन वस्तू मागविल्या आणि लोकांत बोली लावून दोन दिरहमला विकल्या. एका दिरहमचे घरी अन्न नेण्यास सांगितले, दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते आणविले. त्या पात्याला दांडा प्रेषितांनी स्वतःच्या हातांनी बसवून दिला आणि सांगितले की, जा, लाकडे तोडून विक, पंधरा दिवस मला दिसू नकोस. ते गृहस्थ परतले तेव्हा त्यांच्याजवळ दहा दिरहम होते.

येथे चार गोष्टी घडल्या. त्या माणसाजवळ काय आहे याची विचारपूस झाली, त्यातून भांडवल उभे राहिले, अवजार त्याच्या हाती आले आणि मुदत ठरली. आपण दिव्यांग बांधवाला मदत करतो तेव्हा यांपैकी किती गोष्टी करतो? रमजानमध्ये जकातीची ठरावीक रक्कम आणि ईदला कपडे, येथे आपला हिशेब संपतो. पुढच्या रमजानला तोच माणूस त्याच दारात उभा असतो. जकात देणाऱ्याला पुण्य मिळते, पण घेणाऱ्याचे आयुष्य तसूभरही हलत नाही.

जकातीतून माणसाला पायावर उभे करता येते, हे आपल्या फिकहच्या इमामांनी केव्हाच सांगून ठेवले आहे. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम ज्या शाफई मसलकचे आहेत, त्या मसलकचे थोर इमाम नववी (रह.) यांनी लिहिले आहे की, कारागिराला त्याच्या व्यवसायाची अवजारे घेता येतील इतके द्यावे. इतर मसलकच्या बांधवांनी आपल्या आलिमांना विचारून रीत ठरवावी. शिलाई यंत्र, मोबाईल दुरुस्तीचा संच, तीनचाकी सायकल, कानाचे यंत्र ही आजची कुऱ्हाड आहे. आणि दांडा बसवून देणारा हातही हवा. नुसते यंत्र देऊन भागत नाही. पहिले गिऱ्हाईक मिळेपर्यंत कोणीतरी सोबत राहावे लागते.

लोणावळा लोकलच्या मार्गावर

आपल्या मावळ तालुक्यातून शेकडो लोक रोज लोणावळा-पुणे लोकलने कामाला जातात. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड करीत गाडी पिंपरी-चिंचवड ओलांडते आणि खडकीला पोहोचते. ज्या खडकीवरून आपण रोज जातो, तेथे दिव्यांगांच्या रोजगाराचा शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या भारतीय सैनिकांना कसब शिकविण्यासाठी १९१७ मध्ये सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था खडकीत आहे. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरही तेथेच आहे. शरीराचा एक भाग गेला म्हणजे माणूस कामातून गेला, हा समज लष्कराने आपल्या जवानांपुरता तरी फार पूर्वी मागे टाकला.

श्री. मुरलीकांत पेटकर यांचे नाव आता सर्वांना ठाऊक आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे जन्मलेला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाला आणि कमरेखालचा भाग अधू झाला. उपचारांचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळविले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होते. पदके मिळविणारा हा माणूस पुढे पुण्यात टेल्कोमध्ये, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरी करीत होता. देशाने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ मध्ये, पदकानंतर ४६ वर्षांनी.

या उदाहरणातील सुवर्णपदकाकडे सर्वांचे लक्ष जाते. आपण नोकरीकडेही पाहावे. सुवर्णपदक हजारोंतून एखाद्याला मिळते. कुटुंब चालते ते महिन्याच्या पगारावर. प्रत्येक दिव्यांग व्यक्तीने असामान्य होऊन दाखवावे, तेव्हाच आम्ही तिला मान देऊ, ही अपेक्षाही एक प्रकारचा अन्यायच आहे. सामान्य माणसाला सामान्य काम मिळावे आणि संध्याकाळी त्याने घरी भाजी घेऊन जावे, एवढाच हा हक्क आहे. प्रेषितांनी सांगितले आहे की, स्वतःच्या हाताच्या कमाईहून उत्तम अन्न कोणी खाल्ले नाही आणि हजरत दाऊद (अलै.) स्वतःच्या हाताच्या कमाईतून खात असत (सहीह बुखारी). ही शिकवण देताना दिव्यांगांना वगळलेले नाही.

नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेचे वृद्ध अंधांसाठीचे निवासगृह आपल्याजवळच खंडाळ्यात आहे. उतारवयात निवारा लागतो आणि तो देणे मोठे पुण्य आहे. पण बावीस वर्षांच्या अंध तरुणाला निवाऱ्याआधी काम हवे असते, हा भेद आपण लक्षात ठेवला पाहिजे.

कायद्याने दिलेले हक्क

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या, त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात. त्यांच्यासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ अस्तित्वात आहे. या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि शासकीय नोकऱ्यांतील आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के केले. नोकरीत असताना अपघात वा आजाराने दिव्यांगत्व आल्यास शासकीय आस्थापनेला त्या कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही, त्याच वेतनावर झेपेल असे दुसरे काम द्यावे लागते. दिव्यांग व्यक्तीचा सार्वजनिक ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्यास ६ महिने ते ५ वर्षे कारावासाची तरतूद आहे. एकमेकांची टवाळी करू नका, वाईट नावांनी हाक मारू नका, हा आदेश सूरह हुजुरात (आयत ११) मध्ये चौदाशे वर्षांपूर्वीच आला आहे. आपल्या गल्लीत मात्र 'लंगड्या', 'बहिऱ्या', 'येडा' ही नावे माणसाच्या खऱ्या नावापेक्षा अधिक प्रचलित असतात.

कायद्याचा लाभ घेण्याची पहिली पायरी म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि शासकीय रुग्णालयात तपासणी होते. पुणे जिल्ह्याचे जिल्हा रुग्णालय औंध येथे आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्यास आरक्षण आणि अनेक योजनांचा मार्ग खुला होतो. ग्रामपंचायत, नगरपरिषद यांसारख्या स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा राज्य शासनाचा आदेश आहे. व्यवसायासाठी कर्ज देणारे दिव्यांग वित्त व विकास महामंडळ राज्यात आहे.

हे सर्व असूनही अनेक घरांत प्रमाणपत्रच काढलेले नसते. पवन मावळातील एखाद्या वाडीवरून अधू मुलाला घेऊन औंधपर्यंत जाणे म्हणजे एका माणसाची दिवसाची मजुरी बुडणे. अर्ज कसा भरावा हे कळत नाही. शिवाय कागदावर 'दिव्यांग' लागले तर लग्न कसे होईल, ही भीती. यांतील पहिल्या दोन अडचणी जमातीचे चार तरुण एका रविवारी दूर करू शकतात. मशिदीत बसून अर्ज भरून द्यावेत, एक गाडी ठरवून पाच-सहा जणांना एकत्र तपासणीस न्यावे. तिसरी अडचण आपल्या मनातील आहे, ती आपणच दूर करावयाची आहे.

आपली दुकाने, आपल्या मशिदी

मावळ आणि लोणावळ्यात काम नाही असे नाही. चिक्कीच्या धंद्यात पाक उकळणे आणि लाटणे हे चपळ हातापायांचे काम असले, तरी वड्यांचे वजन करणे, डब्यांत भरणे, लेबल लावणे, हिशेब लिहिणे ही बसून करता येणारी कामे आहेत. ज्याला ऐकू येत नाही तो पॅकिंगच्या टेबलावर कोणाहूनही कमी पडत नाही. त्याला सूचना खुणेने किंवा पाटीवर लिहून द्याव्या लागतील, एवढेच. हॉटेले आणि बंगल्यांमध्ये फोनवर नोंदणी घेणे, तळेगावच्या कारखान्यांत सुटे भाग तपासून मोजणे, फुलांच्या शेतीत जुड्या बांधणे, गावात शिलाई आणि दुरुस्ती अशी कितीतरी कामे सांगता येतील. आपल्यातील जे बांधव दुकानदार, ठेकेदार, कारखान्यात पर्यवेक्षक आहेत, त्यांनी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : या कामातील नेमका कोणता भाग या व्यक्तीला जमणार नाही आणि तेवढ्यासाठी मी काय जोड देऊ शकतो? पहाट झाली, असे सांगणारा माणूस म्हणजे हीच जोड होय. आणि मजुरी पूर्ण द्यावी. 'एवढे तरी देतो ना' असे म्हणून निम्म्या पगारावर राबविणे हा उपकार ठरत नाही, तो हक्क मारणे ठरतो.

आता मशिदीकडे पाहू. एका अंध सहाबींनी प्रेषितांना विचारले होते की, मला हाताला धरून आणणारा कोणी नाही, घरी नमाज अदा करण्याची परवानगी मिळेल का? प्रेषितांनी प्रथम परवानगी दिली, मग परत बोलावून विचारले की, अजान ऐकू येते का? होय म्हटल्यावर, तर मग तिला प्रतिसाद द्या, असे सांगितले (सहीह मुस्लिम). दुसऱ्या बाजूला हजरत इत्बान इब्ने मालिक (रजि.) यांची दृष्टी क्षीण झाली होती आणि पावसात ओढ्याला पाणी आले की त्यांना मशिदीत पोहोचता येत नसे. त्यांच्या विनंतीवरून प्रेषित (स.) स्वतः त्यांच्या घरी गेले आणि त्यांनी दाखविलेल्या जागी नमाज अदा केली (सहीह बुखारी). या दोन हदीसींवरून निघणाऱ्या नियमांविषयी विद्वानांनी सविस्तर चर्चा केली आहे. आपल्यापुरता बोध असा की, दोघांपैकी कोणालाही विसरले गेले नाही. एकाला जमातीत बोलावले गेले, दुसऱ्याच्या घरी जमातीचे प्रमुख चालत गेले.

पावसात ओढ्याला येणारे पाणी मावळकरांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. लोणावळ्याच्या चार महिन्यांच्या पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरते, वुजूच्या जागेची गुळगुळीत फरशी ओली राहते आणि कुबडी घसरते. एक उतार, एक लोखंडी कठडा, वुजूसाठी बसावयाची उंच बैठक आणि खडबडीत फरशी एवढ्याने किती बांधवांची जुमा सुटणार नाही! व्हीलचेअरची चाके पुसण्यासाठी दाराशी एक ओला आणि एक कोरडा कपडा ठेवला की स्वच्छतेचा प्रश्न मिटतो. मशिदीच्या मिनारासाठी, झुंबरासाठी वर्गणी जमते. उतारासाठी लागणारी रक्कम त्या मानाने किरकोळ आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी खुतब्याचा सारांश लिहून दारात लावता येईल. मकतबमध्ये अंध मुलाला हिफ्जसाठी बसविता येईल. ज्या बंधुभगिनींच्या घरचे कोणी जागेवरून हलू शकत नाही, त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा दोघांनी जाऊन बसावे.

जे कमावू शकत नाहीत त्यांचे काय?

रोजगारावर एवढे लिहिल्यानंतर एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. काही बांधव असे आहेत की ज्यांना कोणतेही काम करता येणार नाही. काही मुले मोठी होऊनही बुद्धीने लहानच राहतात. माणसाची किंमत त्याच्या कमाईवर ठरविली तर आपण एका अन्यायातून दुसऱ्या अन्यायात जाऊ. प्रेषितांनी सांगितले आहे की, तुम्हाला मिळणारी मदत आणि रोजी तुमच्यातील दुर्बलांमुळेच मिळते (सहीह बुखारी). म्हणजे आपण त्यांना पोसतो हा समज चुकीचा आहे, त्यांच्या निमित्ताने आपण पोसले जातो.

सहीह मुस्लिममध्ये एका स्त्रीचा प्रसंग आहे. तिच्या बुद्धीत काही बिघाड होता. ती प्रेषितांकडे येऊन म्हणाली की, माझे आपल्याकडे काम आहे. प्रेषितांनी तिला सांगितले की, तुला हवी ती गल्ली निवड, मी येतो. मग ते रस्त्यात तिच्यासोबत थांबले, तिचे बोलणे पूर्ण होईपर्यंत. मदीनेचा कारभार पाहणाऱ्या, वही अवतरणाऱ्या प्रेषितांना तिच्यासाठी वेळ होता. जागा निवडण्याचा मानही त्यांनी तिलाच दिला.

हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांच्या काटकुळ्या पिंढऱ्या पाहून काही लोक हसले, तेव्हा प्रेषितांनी सांगितले की, कयामतच्या तराजूत हे पाय उहुद पर्वताहून जड भरतील. दिव्यांगत्व ही पापाची शिक्षा आहे, असे म्हणणाऱ्यांनी हेही आठवावे की, पुत्रवियोगाच्या दुःखाने हजरत याकूब (अलै.) यांचे डोळे पांढरे झाले होते (सूरह यूसुफ : ८४) आणि ते अल्लाहचे प्रेषित होते. ज्या आईच्या मांडीवर दिव्यांग मूल आहे, तिला आधीच पुष्कळ सोसावे लागते. 'कोणते पाप केले होते' हा प्रश्न तिच्या कानी पडू देणे हा आपल्या हातून घडणारा जुलूम आहे.

या पाठातून आपण काय घ्यावे?

१) आपल्या मोहल्ल्यातील प्रत्येक दिव्यांग बंधुभगिनीचे नाव, वय, शिक्षण आणि त्यांना काय करता येते याची यादी जमातीने करावी. यादीत 'काय येत नाही' हा रकाना नसावा.

२) प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड नसलेल्यांची नोंदणी येत्या महिन्यात पूर्ण करावी.

३) यंदाच्या जकातीतून किमान एका व्यक्तीला व्यवसायाचे साधन द्यावे आणि सोबत राहणारा एक माणूस नेमावा.

४) प्रत्येक दुकानदार बांधवाने आपल्याकडील एक काम असे निवडावे की जे दिव्यांग व्यक्तीला पूर्ण मजुरीवर देता येईल.

५) मशिदीच्या दारापासून मिंबरापर्यंत एकदा व्हीलचेअरवर बसून जाऊन पाहावे. जेथे अडकाल, तेथे दुरुस्ती करावी.

६) या सर्व गोष्टी ठरविताना दिव्यांग बांधव स्वतः बैठकीत हजर असावेत. त्यांच्याविषयीचा निर्णय त्यांच्यामाघारी होऊ नये.

उद्या फजरची अजान कानी पडेल, तेव्हा क्षणभर मदीनेतील ती पहाट आठवा. आकाशात उजेड फुटला आहे. तो ज्यांना दिसला ते कोणीतरी हलकेच सांगत आहेत, पहाट झाली. आणि ज्यांना तो दिसत नाही, त्यांच्या आवाजावर सारे शहर जागे होत आहे. आपल्या गावात असा आवाज असेल, तर तो घराच्या आतल्या खोलीत बंद राहू नये, ही जबाबदारी आपली आहे.

हे अल्लाह, आमच्या कपाळावरील आठ्या दूर कर, आमच्या दुर्बल बंधुभगिनींना हक्काची रोजी दे आणि त्यांच्या वाटेतील अडथळे दूर करण्याचे सामर्थ्य आम्हाला दे. आमीन.